पाळकांचे सख्य

ज्यांचे धर्मच निराळे आहेत अशा दोन माणसांत स्नेह जुळणे कठीण, असा सर्वसाधारण समज आहे. परंतु ज्यांचा धर्म एक, ग्रंथ एक आणि ज्याच्यापुढे दोघेही गुडघे टेकतात तो प्रभूही एकच, पंथ मात्र दोन, अशा माणसांत स्नेह जुळून टिकणे त्याहूनही कठीण आहे, असे इतिहासाकडे पाहिले असता म्हणावे लागते. परक्याचे मत आपल्याला चुकीचे वाटले तरी त्यामुळे आपली झोप उडत नाही. शेजारच्या गल्लीतल्या मनुष्याने मात्र आपलाच ग्रंथ उघडून त्यातून निराळा अर्थ काढला, की तो आपल्या जिव्हारी लागतो. त्यातून तो मनुष्य साधा श्रोता नसून स्वतः एका मंडळीचा पाळक असेल, त्याच्या शब्दावर शंभर-दीडशे माणसे आपला पारमार्थिक भरवसा ठेवीत असतील, तर हा मतभेद खाजगी राहत नाही, तो सार्वजनिक होतो. अशा वेळी जो प्रश्न उभा राहतो तो मूळचा तत्त्वज्ञानाचा आहे : ज्या सत्याच्या रक्षणासाठी आपली नेमणूक झाली आहे, त्याच सत्याविषयी ज्याचे आपल्याशी पटत नाही, त्याच्याशी पाळकाने मनःपूर्वक मैत्री करावी काय, आणि केली, तर आपल्या कर्तव्यात तो कसूर करतो काय?

हा प्रश्न रोम किंवा जिनीव्हा येथे बसून विचारला तर त्याचे उत्तर ग्रंथांतून देता येईल. नांदेड आणि लातूर या जिल्ह्यांत तो विचारला म्हणजे उत्तर माणसांकडे पाहून द्यावे लागते. नांदेडची ख्याती १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांनी जेथे देह ठेवला त्या हुजूर साहिबामुळे आहे, वामनपंडितांच्या नावामुळे आहे, कंधारच्या किल्ल्यामुळे आणि तेथील दर्ग्यामुळे आहे. ख्रिस्ती मंडळ्यांमुळे हा जिल्हा कोणी ओळखत नाही. लातूरचीही तीच गोष्ट. येथील ख्रिस्ती समाज संख्येने अगदी थोडा. परंतु या थोड्याशा समाजात पंथ मात्र थोडे नाहीत. तालुक्याच्या एखाद्या गावी रविवारी सकाळी फेरफटका मारावा, तर एका जुन्या कंपाऊंडात चर्च ऑफ नॉर्थ इंडियाची उपासना चाललेली असते, दुसरीकडे मेथडिस्ट मंडळी जमलेली असते, शाळेच्या आवारातील प्रार्थनागृहात फादर मिस्सा अर्पण करीत असतात, आणि बाजारपेठेतील दुकानावरच्या माडीवर पत्र्याखाली ढोलकीच्या तालावर एखादी स्वतंत्र वा पेंटेकोस्टल मंडळी गात असते. देगलूर-बिलोलीकडे त्या गाण्यात तेलुगू मिसळते, उदगीर-निलंग्याकडे कानडी, आणि शहरांतून दख्खनी उर्दू. एवढ्या लहान समाजात चार-पाच पाळक एकमेकांशी बोलत नाहीत असे झाले, तर त्याचा उपसर्ग प्रत्येक लग्नात, प्रत्येक अंत्यविधीत आणि प्रत्येक नातेसंबंधात पोहोचतो. कारण एका पंथाची मुलगी दुसऱ्या पंथात दिलेली नाही असे घर येथे शोधूनच काढावे लागेल.

हे वैविध्य येथे आले कसे, याचा थोडा मागोवा घेतला पाहिजे. हा मुलूख १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत निजामाच्या अमलाखाली होता आणि मिशनांचे पहिले पाय त्यात पडले ते शेजारच्या मुलखांतून. अमेरिकन मराठी मिशन मुंबईस १८१३ मध्ये आणि अहमदनगरास १८३१ मध्ये आले. १८४३ साली बाप्तिस्मा घेतलेले नारायण शेषाद्री हे ब्राह्मण गृहस्थ जालन्यास स्कॉटलंडच्या फ्री चर्चच्या वतीने काम करू लागले, आणि सर सालारजंग दिवाण असताना मिळालेल्या जमिनीवर त्यांनी बेथेल नावाची वसाहत वसविली. त्यांच्यापासून चाळीस मैलांच्या आत, त्या वेळच्या औरंगाबादेस, रतनजी नवरोजी हे पारशी गृहस्थ अँग्लिकन चर्च मिशनरी सोसायटीचे पाळक म्हणून राहत होते. एक मूळचा ब्राह्मण आणि प्रेस्बिटेरियन, दुसरा मूळचा पारशी आणि अँग्लिकन. दोघेही एकाच निजामाच्या मुलखात एकाच मराठी भाषेत एकाच प्रभूविषयी बोलत होते, आणि तरीही दोघांच्या दफ्तरांचे वरिष्ठ एडिंबरो व लंडन या दोन शहरांत बसत होते. दक्षिणेकडून बीदरमार्गे अमेरिकन मेथडिस्ट आले. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके १९५६ पर्यंत बीदर जिल्ह्यातच होते. राज्यपुनर्रचनेत ते उस्मानाबादकडे आले आणि १९८२ मध्ये नव्या लातूर जिल्ह्यात गेले. महसुली दफ्तरातली सरहद्द अशी एका हुकमाने बदलते. उपासनेची रीत, गीताची चाल आणि प्रार्थनेची भाषा हुकमाने बदलत नाही. पुढे १९७७ मध्ये औरंगाबादचा कॅथलिक धर्मप्रांत स्थापन झाला. आणि त्यानंतरच्या पिढीत कोणत्याही जुन्या मिशनशी संबंध नसलेल्या मंडळ्या गावोगाव उभ्या राहिल्या.

या सर्वांनी एकमेकांशी कसे वागावे, याविषयी आजवर तीन मार्ग चोखाळले गेले. पहिला मार्ग तहाचा. मिशनांनी आपसांत मुलूख वाटून घ्यावा, एकाने ज्या तालुक्यात काम मांडले असेल तेथे दुसऱ्याने पाऊल टाकू नये, एकाने काढून टाकलेल्या शिक्षकाला दुसऱ्याने चाकरीस ठेवू नये, अशा स्वरूपाचे संकेत एकोणिसाव्या शतकात रूढ झाले, आणि १८९२-९३ च्या मुंबईच्या दशवार्षिक मिशनरी परिषदेत त्यांचा सविस्तर ऊहापोह झाला. या मार्गाला शास्त्राधारही होता. अब्राम आणि लोट यांच्या गुराख्यांत कुरणावरून तंटा लागला, तेव्हा अब्रामाने पुतण्याला सारा प्रदेश दाखवून, तू डावीकडे जा किंवा उजवीकडे जा, पण आपल्यात भांडण नको, असे सुचविले, ही उत्पत्तीच्या तेराव्या अध्यायातील कथा सर्वांच्या परिचयाची आहे. या तहाने कलह टळला, श्रम वाचले, आणि मुलखाची अदलाबदलही शांतपणे होऊ शकली; वाशीम-बुलढाण्याकडील मेथडिस्टांचे काम पुढे नाझरीन मिशनच्या हाती गेले ते कोणत्याही धर्मयुद्धावाचून.

परंतु या तहाचे दोन दोष होते. एक तर, ज्याचा आजा ओढ्याच्या अलीकडे राहत होता तो मेथडिस्ट झाला आणि पलीकडे राहणारा प्रेस्बिटेरियन. पंथ हा श्रद्धेचा निर्णय न राहता भूगोलाचा अपघात ठरला. दुसरा दोष अधिक खोल होता : हा तह मिशनांच्या मंडळांनी केलेला होता, देशी पाळकांनी नव्हे. वरिष्ठांनी सरहद्द आखली आणि कनिष्ठांनी ती पाळली. शेजारच्या मंडळीचा पाळक कसा आहे हे जाणून घेण्याची गरजच कोणाला पडली नाही. त्यामुळे स्वातंत्र्यानंतर परदेशी मिशनरी एकेक करून गेले, लोक पोटापाण्यासाठी खेड्यांतून शहरांत आले, आणि सरहद्द कोठेच उरली नाही, तेव्हा या तहाखाली मैत्रीची बैठक नाही हे एकदम उघड झाले. मराठवाड्यातील शेतकऱ्याला हे समजावून सांगण्याची गरज नाही. दोघा भावांत जमिनीची वाटणी झाली तरी विहीर सामाईक राहते, आणि सातबाऱ्यावर पाण्याच्या पाळ्या कितीही नीट लिहिलेल्या असल्या तरी भाऊ भावाशी बोलत नसेल तर उन्हाळ्यात पाण्यावरून तंटा लागल्यावाचून राहत नाही. तहाने शिवार वाटून दिले होते. विहिरीचे काय करायचे, हे सांगितले नव्हते.

दुसरा मार्ग विलीनीकरणाचा. १९२४ मध्ये प्रेस्बिटेरियन आणि काँग्रिगेशनल परंपरेच्या मंडळ्यांनी मिळून उत्तर भारताचे संयुक्त चर्च स्थापन केले. २७ सप्टेंबर १९४७ रोजी मद्रासेस चर्च ऑफ साऊथ इंडिया अस्तित्वात आले. आणि २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरास सहा चर्चे एकत्र येऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया निर्माण झाले. जालन्याची प्रेस्बिटेरियन, नगरची काँग्रिगेशनल आणि औरंगाबादची अँग्लिकन परंपरा एका छत्राखाली आली. नारायण शेषाद्री आणि रतनजी नवरोजी यांच्या आध्यात्मिक वारसांना आपले बिशप एक, उपासनापुस्तक एक आणि प्रभुभोजनाचे मेज एक, असे म्हणता येऊ लागण्यास सुमारे एक शतक लागले. ही गोष्ट लहान नव्हे. ज्या युरोपातून हे पंथ आले तेथे बिशप मानणारे आणि न मानणारे, बालकांना बाप्तिस्मा देणारे आणि केवळ प्रौढांना देणारे, अशा परंपरांना एका घटनेत बसविण्याचे धैर्य तोवर क्वचितच कोणी दाखविले होते. तरीही हा मार्ग पूर्णत्वास गेला नाही. अमेरिकन परंपरेचे मेथडिस्ट चर्च वाटाघाटींत दीर्घकाळ सहभागी होऊनही अखेरच्या टप्प्यावर बाजूला राहिले आणि १९८१ मध्ये भारतीय मेथडिस्ट चर्च म्हणून स्वायत्त झाले. कॅथलिकांचा या योजनेशी संबंध नव्हता. पेंटेकोस्टलांना ती नकोच होती. शिवाय विलीनीकरण म्हटले की घटना आली, विश्वस्त आले, मिळकतीचे दस्तऐवज आले, आणि मागोमाग दिवाणी न्यायालयेही आली. संस्था एक झाल्या म्हणून माणसे एक झालीच असे नाही, हे चर्चच्या मालमत्तेचे दावे ज्यांनी एकदाही वाचले आहेत त्यांना सांगावयास नको.

उरतो तो तिसरा मार्ग, मैत्रीचा. पहिल्या दोहोंच्या मानाने तो दरिद्री दिसतो : त्याला ना सनद, ना घटना, ना शिक्का. परंतु या मार्गाची सर्वांत मोठी मागणी जगापुढे मांडली ती निजामाच्याच मुलखात काम करणाऱ्या एका भारतीय पाळकाने, हे आपल्या लोकांनी विसरू नये. १९१० च्या एडिंबरो येथील जागतिक मिशनरी परिषदेत व्ही. एस. अझरय्या यांनी युरोपीय श्रोत्यांना बजावले, की तुमच्या त्यागाचे ऋण भारतीय मंडळी मानील, पण आम्हांला तुमच्याकडून उपकारापेक्षा मैत्री हवी आहे. सभागृहातील पुष्कळांना ते रुचले नाही. पुढे १९१२ मध्ये ते दोर्नाकलचे बिशप झाले, पहिले भारतीय अँग्लिकन बिशप. आणि १९१९ मध्ये तरंगमबाडीस जमलेल्या ज्या पाळकांनी दक्षिणेतील चर्चच्या ऐक्याची हाक दिली, त्यांत ते अग्रभागी होते. म्हणजे त्यांच्या बाबतीत तरी क्रम स्पष्ट आहे : प्रथम मैत्रीची मागणी, मग ऐक्याची योजना. ते ऐक्य पाहण्यास ते हयात राहिले नाहीत. १९४५ च्या पहिल्याच दिवशी त्यांचे निधन झाले.

मराठी भूमीतही अशी उदाहरणे आहेत. रेव्हरंड नारायण वामन टिळक हे अमेरिकन मराठी मिशनचे पाळक. परंतु त्यांच्या गीतांना त्या मिशनची सरहद्द कधीच मानवली नाही, आणि आज मराठीत उपासना करणारी अशी प्रॉटेस्टंट मंडळी विरळाच की जिच्या गीतांत टिळक नाहीत. १९१७ मध्ये साताऱ्यास त्यांनी 'देवाचा दरबार' मांडला तो बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले, असे ख्रिस्ताचे सर्व शिष्य एका बंधुत्वात यावेत म्हणून. १९१९ मध्ये ते वारले आणि तो प्रयोग फार पुढे गेला नाही, परंतु पंथाच्या चौकटीत राहूनही मनुष्य पंथापेक्षा मोठा होऊ शकतो हे त्याने सिद्ध केले. याच मिशनचे जस्टिन अ‍ॅबट यांनी जेझुइट पाद्री स्टीफन्स यांच्या 'ख्रिस्तपुराणा'ची देवनागरी पोथी लंडनच्या संग्रहातून उजेडात आणली. प्रॉटेस्टंट उपदेशकाने एका कॅथलिक पाद्र्याचे मराठी काव्य मराठी वाचकांच्या हाती परत देण्यासाठी झटावे, यालाही मैत्रीच म्हटले पाहिजे, मग त्या दोघांमध्ये तीनशे वर्षांचे अंतर का असेना.

आता मैत्रीच्या आड प्रत्यक्षात काय येते ते पाहू. लोक समजतात की पाळकांमधील दुरावा बाप्तिस्म्यावरून, पवित्र आत्म्याच्या दानांवरून किंवा मरियेच्या स्थानावरून येतो. क्वचित तसे होतही असेल. पण बहुधा त्याचे मूळ अधिक व्यावहारिक असते. मिशनच्या काळात पाळकाचा पगार वरून येई. आज तो मंडळीच्या दशांशातून आणि रविवारच्या अर्पणातून येतो. ज्याच्या मंडळीत चाळीस घरे आहेत त्याची चार घरे नव्या सभेकडे गेली, तर त्याच्या श्रद्धेला नव्हे, त्याच्या मुलाच्या कॉलेजच्या फीला धक्का पोहोचतो. ज्याला त्यांच्या बोलीत मेंढरे पळविणे म्हणतात तो आरोप म्हणूनच इतका कडवट असतो. आणि ज्याच्यावर तो होतो त्या नव्या मंडळीच्या पाळकाची स्थितीही काही निराळी नसते, त्याला तर भाड्याच्या हॉलचे पैसे महिनाअखेर द्यायचे असतात. या दोघांना सिद्धान्तावरील व्याख्यान देऊन काही साधणार नाही. त्यांना एकमेकांच्या घरची चूल ठाऊक झाली पाहिजे. जो शेजाऱ्याच्या अडचणी जाणतो तो त्याच्या मंडळीतले घर फोडण्यापूर्वी दोनदा विचार करतो; आणि ज्याला कोणी अडचण विचारली आहे तो आपल्याकडे आलेल्या नाराज सभासदाला, आधी आपल्या पाळकसाहेबांना भेटून या, असे सांगू शकतो. ख्रिस्ती शीलाची याहून कठीण कसोटी मला ठाऊक नाही.

असे सख्य जेथे आहे तेथे ते कसे दिसते, हे उत्तम शुक्रवारी पाहावे. वधस्तंभावरील सात उद्गारांची उपासना दुपारी बारा ते तीन चालते, आणि ज्या गावी पाळकांचे जमते तेथे ती सर्व मंडळ्यांची मिळून होते व सात उद्गारांवर सात जण बोलतात. कोणाला कोणता उद्गार द्यावा, यावरून आधीच्या बैठकीत चहाबरोबर बरीच चर्चा झडते. पहिला उद्गार क्षमेचा म्हणून तो ज्येष्ठाला, चौथा परित्यक्ततेचा आणि सर्वांत अवघड म्हणून तो कोणालाच नको, शेवटी तरुण पाळकाच्या गळ्यात पडतो. प्रत्येकाला पंधरा-वीस मिनिटे दिलेली असतात आणि ती पाळणारा विरळा. मागच्या बाकावरील म्हाताऱ्या बाया मात्र घड्याळाकडे न पाहता ऐकत असतात. फादरांना त्याच वेळी आपल्या चर्चमधील विधी असल्यामुळे ते बहुधा येऊ शकत नाहीत. त्यांची भेट जानेवारीत १८ ते २५ या ऐक्यप्रार्थनेच्या सप्ताहात होते. बाहेरच्याला हे सारे किरकोळ वाटेल. पण ज्या मनुष्याच्या व्यासपीठावर आपण उभे राहून बोललो, आणि जो समोर बसून आपले बोलणे ऐकत होता, त्याच्याविषयी पुढच्या रविवारी वावगे बोलणे फार जड जाते.

याहून महत्त्वाचे प्रसंग लग्नाचे आणि मृत्यूचे. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यान्वये विवाह लावण्याचा अधिकार सर्व उपदेशकांना सरसकट नाही. ज्या चर्चमध्ये बिशपांच्या हस्ते दीक्षा होते तेथील पाळकांना तो आहे, इतरांना सरकारी परवाना लागतो. स्वतंत्र मंडळीच्या पाळकाकडे तो नसला, की आपल्याच सभासदाच्या मुलीचे लग्न लावण्यासाठी त्याला शेजारच्या मेथडिस्ट किंवा चर्च ऑफ नॉर्थ इंडियाच्या पाळकाकडे जावे लागते. तो पाळक यावर, मुलगी आमच्या मंडळीत आणा मगच लावतो, असे म्हणू शकतो. किंवा, तुम्ही प्रार्थना करा, उपदेश तुम्ही द्या, विवाह लावून नोंद मी करतो, असेही म्हणू शकतो. पहिले उत्तर कायद्याला धरून आहे. दुसरेही कायद्याला धरूनच आहे, पण त्यात सुवार्ता आहे. कब्रस्तानाचेही तसेच. जागा थोडी, बहुधा जुन्या मिशनच्या नावावर, आणि मरणारा कोणत्याही पंथाचा असतो. पाळक परगावी असता त्याच्या मंडळीतील म्हातारा गेला, तर खड्डा खणण्यापासून मातीला माती म्हणेपर्यंत सर्व करून, नंतर त्या पाळकाला फोनवर केवळ एवढेच सांगणारा शेजारी, की तुमच्या बाबांना आम्ही नीट पोहोचविले, काळजी करू नका, तो ऐक्याच्या शंभर परिपत्रकांहून अधिक काम करतो.

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. गणेशविसर्जन करून लोक झोपले होते. दगडमातीच्या जाड भिंती कोसळून लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसे गेली, आणि ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. त्या मदतीत आणि पुनर्वसनात प्रॉटेस्टंट व ऑर्थोडॉक्स चर्चची मिळून चालणारी 'कासा' आणि कॅथलिकांची 'कारितास' या दोन्ही संस्था इतर असंख्य संस्थांबरोबर उतरल्या होत्या. ढिगाऱ्याखाली दबलेल्याला वर काढताना काढणाऱ्याचा बाप्तिस्मा शिंपडून झाला की बुडवून, हे कोणी विचारीत नाही. परंतु येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. संकटात होणारे सहकार्य हे मैत्रीचे फळ असू शकते, तिचा पर्याय मात्र नव्हे. संकट ओसरले, तंबू उठले, निधी संपला, की जे केवळ कामापुरते जवळ आले होते ते आपापल्या वाटेने जातात. बाहेरून येणाऱ्या दडपणाच्या भीतीने घडलेल्या एकीचेही तसेच आहे. भीतीने माणसे एकत्र बसतात. एकमेकांवर विश्वास मात्र भीतीने बसत नाही.

आता मूळ आक्षेपाकडे वळू. मैत्री केली की सत्याशी तडजोड होते, असे म्हणणारे प्रामाणिक लोक सर्वच पंथांत आहेत आणि त्यांचा अनादर करणे योग्य नव्हे. ज्या मनुष्याला खरोखरच वाटते की शेजारची शिकवण आत्म्यांना अपाय करते, त्याने गप्प बसावे असे मैत्रीच्या नावाखाली सांगणे हा मैत्रीचाच अपमान आहे. पण नव्या करारातील प्रेषितांचे वर्तन पाहावे. अंत्युखियात पौलाने पेत्राला सर्वांसमक्ष तोंडावर विरोध केला. मार्कास बरोबर न्यावे की नाही यावरून पौल व बर्णबा यांच्यात इतकी बाचाबाची झाली की ते दोन वाटांनी गेले. करिंथ येथे आम्ही पौलाचे, आम्ही अपुल्लोसाचे, असे गट पडले, तेव्हा पौलाने अपुल्लोसावर टीका केली नाही. एकाने लावले, दुसऱ्याने पाणी घातले, वाढविणारा देव, अशा आशयाचे उत्तर दिले. म्हणजे मतभेद लपविणे हा प्रेषितांचा धर्म नव्हता, आणि मतभेदामुळे दुसऱ्याच्या सेवकपणाला नाकारणे हाही नव्हता. आमच्याबरोबर न चालणारा कोणी तुमच्या नावाने भुते काढीत होता, त्याला आम्ही मना केले, असे योहानाने येशूला मोठ्या अभिमानाने सांगितले, तेव्हा त्याला शाबासकी मिळाली नाही, हेही प्रत्येक पाळकाने लक्षात ठेवण्याजोगे आहे.

वस्तुतः सत्य सांगण्यासाठीच मैत्रीची गरज आहे. परक्याने काढलेली चूक मनुष्य वैर समजून फेटाळतो. मित्राने काढलेली चूक तो रात्री अंथरुणावर पडून विचारात घेतो. कॅथलिक चर्चने १९६४ मध्ये दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेत ऐक्याविषयीचा जो ठराव केला त्याने विभक्त बंधूंना पाखंडी म्हणण्याची जुनी रीत मागे टाकली. परंतु आपले एकही मतसूत्र त्या चर्चने त्यासाठी सोडले नाही. मतभेद तेवढाच राहिला, बोलण्याचा सूर बदलला, आणि त्या सुराने गेल्या साठ वर्षांत चारशे वर्षांच्या वादविवादांहून अधिक समजूत निर्माण केली.

हे सख्य आपोआप उगवत नाही. त्याचे बी तरुणपणी पेरावे लागते. पैनगंगेच्या पलीकडे यवतमाळास १९५३ मध्ये युनियन बिब्लिकल सेमिनरी सुरू झाली आणि १९८३ मध्ये पुण्यास जाईपर्यंत ती तेथे होती. अनेक पंथांचे विद्यार्थी तेथे एका वर्गात ग्रीक शिकले आणि एका मेसमध्ये जेवले. ज्याच्या ताटाशेजारी आपण तीन वर्षे ताट मांडले त्याचा पंथ पुढे आयुष्यभर चुकीचा वाटला तरी तो मनुष्य चुकीचा वाटत नाही. ज्या स्वतंत्र पाळकांना असे शिक्षण मिळाले नाही, त्यांना दीक्षा नसल्याबद्दल हिणविणे हा जुन्या चर्चच्या पाळकांचा दोष आहे. आणि जुन्या चर्चमध्ये जीवन उरले नाही असे व्यासपीठावरून सांगत राहणे हा नव्यांचा. दोन्ही दोष एकाच अहंकाराचे आहेत : मंडळी आपल्या मालकीची आहे, ही समजूत. पाळक हा मालक नाही, चाकर आहे. आणि एकाच धन्याच्या दोन चाकरांनी एकमेकांशी अबोला धरणे हे धन्यालाच उणेपणा आणणारे आहे.

तेव्हा आरंभीच्या प्रश्नाला माझे उत्तर असे, की भिन्न पंथाच्या पाळकाशी मैत्री करणारा पाळक कर्तव्यात कसूर करीत नाही. न करणारा करतो. नांदेड-लातूरच्या पाळकांनी याचा आरंभ मोठ्या संमेलनांनी करू नये. दुसऱ्या मंडळीतून येणाऱ्या सभासदाला त्याच्या पाळकाचे पत्र आल्याखेरीज नावावर घेऊ नये. शेजाऱ्याच्या शिकवणुकीवर बोलायचे झाल्यास आधी त्याच्याशी बोलावे. कब्रस्तानाचा हक्क पंथ न पाहता सर्वांना द्यावा. निवृत्त पाळकांच्या आणि पाळकांच्या विधवांच्या चरितार्थाची चिंता सर्वांनी मिळून वाहावी. आणि महिन्यातून एकदा, कोणाच्याही सभेची जाहिरात न करता, एकत्र बसून एकमेकांसाठी प्रार्थना करावी. मंडळीतील लोकांचेही येथे काम आहे : आपल्या पाळकाने दुसऱ्या पाळकाला चहाला बोलाविले म्हणून त्याच्या निष्ठेवर शंका घेणाऱ्या पंचांनी आणि वडीलजनांनी ती शंका आधी टाकून द्यावी. एवढे झाले तर उद्या या चर्चे एक होतील की नाही, याची चिंता वरिष्ठांवर सोडता येईल. आपल्या वाट्याचे काम आपण केले, असे मात्र या दोन जिल्ह्यांतील पाळकांना निःसंकोचपणे म्हणता येईल.